तीन महिन्यांच्या दुखण्याला फाइल नसते

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, विशेषतः शिक्षक असाल किंवा शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर.

मागच्या आठवड्यात अलिबागहून एस.टी.नं पेणला येत होतो. पोयनाडच्या पुढे एक बाई मुलाला घेऊन चढल्या. मुलगा आठवीतला, हातात कुबडी, उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली. धरमतरचा पूल येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. कबड्डी खेळताना पाय मोडला होता. आपल्याकडे हे नवीन नाही, रायगडात मूल चालायला लागलं की मैदानात उतरतं. प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते. आता आठवड्यातून तीन वेळा पेणला फिजिओथेरपीला यायचं.

मी विचारलं, "आणि शाळा?"

बाई म्हणाल्या, "दोन महिने नाही गेला. वर्ग वरच्या मजल्यावर आहे ना. सर बोलले, बरा झाला की ये."

यात सरांचा वाईट हेतू होता असं मला अजिबात वाटत नाही. मुलाला त्रास नको, जिन्यात पडला तर जबाबदारी कोणाची, असाच विचार असणार. पण "बरा झाला की ये" हे वाक्य डोक्यातून जाईना. आधी बरं व्हायचं, मग शिकायचं, हे आपण गृहीत धरलं आहे. जगात आणि आपल्या मुंबईत मात्र शंभर वर्षांत अनेकांनी याच्या उलटं करून दाखवलंय. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो. शेवटी परत धरमतरला येऊ.

*युद्धापासून सुरुवात*

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात चेली नावाचं गाव आहे. तिथे 1903 साली ग्रेस किमिन्स या बाईंनी हातापायांनी अधू असलेल्या गरीब मुलांसाठी निवासी शाळा काढली. उपचार, अभ्यास आणि हातातली कला, तिन्ही एकाच आवारात. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि जखमी सैनिक बरे होण्यासाठी याच शाळेत पाठवले गेले. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला शाळेतलीच मुलं धीर द्यायची. जे पोर स्वतः एका हातानं काम करायला शिकलं होतं, ते नुकताच हात गेलेल्या सैनिकाला ते शिकवायचं. शिकणं हा बरं होण्याचाच भाग आहे, हे तिथे प्रत्यक्ष दिसलं.

त्याच महायुद्धात आपल्याकडे 1917 साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं. युद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना नवं काम शिकवणारी ही संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं.

म्हणजे जखमी माणसाला नुसतं टाके घालून घरी पाठवायचं नसतं, त्याला परत कामावर उभं करायचं असतं, हे लष्कराला केव्हाच कळलं होतं. सैनिकाचं काम बंदूक किंवा कारखाना. मुलाचं काम शाळा. पण मुलांचा नंबर लागायला एक साथ यावी लागली.

*एक आई आणि पोलिओची मुंबई*

फातिमा इस्माईल हे नाव आज फारसं कोणाला आठवत नाही. स्वातंत्र्य चळवळीतल्या घराण्यातली बाई. मुंबईचे गांधीवादी गिरणीमालक उमर सोभानी हे त्यांचे भाऊ. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या काळात पोलिओनं पाय गेला म्हणजे गेला, असंच डॉक्टरही सांगायचे. या बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. उपचार आणि व्यायाम यांनी पोरीत फरक पडतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या मुलीला मिळालं ते बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न घेऊन त्या मुंबईत कामाला लागल्या. 1947 साली, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी 'सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन' उभी केली. आज 'क्रिपल्ड' हा शब्द आपण वापरणार नाही, पण त्यातला 'रिहॅबिलिटेशन' म्हणजे पुनर्वसन हा शब्द पाहा. नुसता इलाज नव्हे, मूल परत आपल्या जागी जाणं. हाजी अलीला मुलांचं जे अस्थिरोग रुग्णालय झालं ते याच संस्थेचं. 1958 साली फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली, 1978 मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. शेकडो पोरांचे हातपाय लुळे पडले आणि त्यांना व्यायाम देणारं शिकलेलं माणूसच देशात जवळजवळ नव्हतं. तेव्हा सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 1952-53 च्या सुमारास परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. 1955 मध्ये हाजी अलीलाच केंद्र सरकारची 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं सुरू झाली. त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

एस.टी.तल्या त्या पोराचा गुडघा आज पेणमध्ये जो कोणी वाकवतोय, त्याच्या विद्येची सुरुवात अशी मुंबईच्या आजारी पोरांपासून झाली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भारतात हा व्यवसाय म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीसाठी जन्मला नाही, शाळकरी वयाच्या मुलांसाठी जन्मला.

आता हेही लक्षात घ्या की हे सगळं खाडीच्या पलीकडे होतं. तेव्हा आपल्याकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर धरमतरहून नाहीतर रेवसहून लाँच. भरती-ओहोटी बघून निघायचं. पाय लुळा पडलेलं पोर कडेवर घेऊन, चिखलातून धक्का गाठून, आठवड्यातून तीनदा परळला कोण नेणार? सोय असणं आणि ती आपल्यापर्यंत पोचणं यात एक खाडी असते. पूल झाला, रस्ता झाला, तरी ती खाडी पूर्ण बुजलेली नाही. पुढे सांगतो.

*एका छताखाली शाळा आणि उपचार*

पुढचं पाऊल पुन्हा एका आईनं टाकलं. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला जन्मतःच सेरेब्रल पाल्सी. तिला घ्यायला शाळा नाही. उपचाराला एकीकडे न्या, शिकवणी दुसरीकडे, पोराचा अर्धा दिवस रस्त्यातच. 1972 साली अलूरबाईंनी मुंबईत, कुलाब्याला, तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. तिथे शिक्षक आणि थेरपिस्ट एकत्र बसून ठरवायचे की या मुलाला बाकावर कसं बसवायचं, पेन्सिल कशी धरायला द्यायची, व्यायाम कोणत्या तासाला घ्यायचा. यातून स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. ती मालिनी पुढे परदेशात जाऊन शिकली आणि तिनं स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. एका बोटानं टाइप करून.

सरकारही हललं. 1974 मध्ये केंद्रानं अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, म्हणजे या मुलांनी नेहमीच्या शाळेतच शिकावं. मग 1995 चा अपंग व्यक्ती कायदा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा. 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. आज समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी थेरपीची तरतूद असते.

यादी बघून वाटेल, झालं की सगळं. मग आपला कबड्डीवाला पोरगा यात कुठे बसतो?

कुठेच नाही.

*'दीर्घकालीन' या शब्दाची गोष्ट*

2016 च्या कायद्यात दिव्यांग व्यक्ती कोण, याची व्याख्या आहे. त्यात कळीचा शब्द आहे 'दीर्घकालीन'. व्यंग दीर्घकाळ टिकणारं हवं. मोठ्या सवलतींसाठी तर ते किमान 40 टक्के हवं आणि तसं प्रमाणपत्र हवं. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांचं आयुष्यभराचं दुखणं आहे त्यांचा हक्क आधीच कमी आहे, त्यात वाटेकरी नकोत. पण तीन महिने पाय प्लास्टरमध्ये, नंतर तीन महिने कुबडी, असा मुलगा ना धड दिव्यांग ना धड निरोगी. त्याची फाइलच उघडत नाही.

पैशाचंही बघा. राज्य सरकारची विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावीसाठी. 2013 साली तिचे आकडे असे होते : मृत्यू झाला तर 75 हजार, दोन अवयव गेले तर 50 हजार, एक गेला तर 30 हजार. वाचा परत. मेला तर इतके, अवयव कायमचा गेला तर इतके. मोडून बरा होणार असेल तर? काही नाही. 2022 मध्ये रकमा वाढवल्या, मृत्यूला दीड लाख केले, आणि एक चांगली गोष्ट केली : अपघातामुळे शस्त्रक्रिया लागली तर प्रत्यक्ष खर्च, कमाल 1 लाखापर्यंत. बऱ्याच शाळांना हे माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. पण शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने पुन्हा कोरेच.

दुसरी, आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. ती 2012 साली 'राजीव गांधी जीवनदायी' नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. अभिमानाची गोष्ट. हाडांची ऑपरेशनं त्यात होतात, अनेक गरिबांची झाली. पण त्यात घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा दहा दिवसांचा. हाड जुळायलाच सहा आठवडे लागतात, खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. दहा दिवसांनी योजना संपते आणि आई एस.टी.त बसते.

म्हणून मघाशी म्हटलं, खाडी पूर्ण बुजलेली नाही.

*नंतरचे तीन महिने का महत्त्वाचे*

हाड मोडलं की प्लास्टर, प्लास्टर निघालं की बरा, असा आपला समज. प्लास्टर हाडासाठी असतं. तेवढ्या काळात स्नायू वाळतात, सांधा आखडतो. मांडीचा घेर कमी झालेला नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो परत यायला रोज थोडा थोडा व्यायाम लागतो. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जाणं हे वर्गातल्या तासासारखं असतं, खरा अभ्यास घरचा. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं. तो केला नाही तर तीन महिन्यांचं दुखणं खरंच दीर्घकालीन होतं. मग त्याची फाइल उघडते. केवढी ही थट्टा!

कोपराचं तर फार जपावं लागतं. मुलं झाडावरून, बांधावरून पडतात आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. आपल्या खारेपाटात आजही पहिलं पाऊल हाडवैद्याकडे वळतं. त्यांच्यातले काही अनुभवी असतीलही, पण अशा वेळी घट्ट बांधलेली पट्टी रक्तपुरवठा तोडू शकते आणि हाताची बोटं कायमची आखडतात. बोटं गार पडली, काळी-निळी झाली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना पोर किंचाळलं, तर तासाभराचीही वाट बघू नका, थेट दवाखाना. आणि बरं होत असलेल्या कोपराला जोर लावून मालिश करू नका, त्यानं तो आणखी आखडतो. डोक्याला मार लागला असेल तर एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास. डोकं दुखायला लागलं तर थांबायचं. मैदान सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

शाळा इथे येते. घरी बसलेलं पोर दिवसभर मोबाइल घेऊन आडवं पडतं. शाळेत गेलेलं पोर उठतं, बसतं, मित्राच्या खांद्यावर हात टाकून पाणी प्यायला जातं. बाईंनी मधल्या सुट्टीत आठवण केली तर दहा मिनिटांचा व्यायाम होतो. शिवाय आठवीत दोन महिने बुडाले की गणित जातं, गणित गेलं की दहावीची भीती बसते. आणि कष्टकरी घरात शाळा सुटलेलं पोर कामाला लागायला वेळ लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात, कंपनीच्या गेटवर, काम मिळतंच. पाय बरा होतो, शाळा सुटते ती सुटते.

वर आपला महामार्ग. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत. वडखळ नाक्यावर, धरमतरच्या रस्त्यावर अवजड गाड्यांच्या कडेनं पोरं शाळेत जातात. जखमी विद्यार्थी आपल्याकडे अपवाद नाही. दर वर्षी प्रत्येक शाळेत एखादा तरी असतोच. आपापल्या गावात आठवून बघा.

*मग करायचं काय?*

यासाठी नवीन इमारत लागत नाही. नवा कायदाही लागत नाही. वरच्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते : जिथे शिक्षक आणि उपचार करणारा एकमेकांशी बोलले, तिथे मूल उभं राहिलं. चेलीत बोलले, कुलाब्यात बोलले. पेण आणि रोह्यात ते बोलू शकतात. रोज व्हॉट्सॲपवर आपण काय काय पाठवतो!

पहिलं, एक कागद. फिजिओथेरपिस्टनं साध्या मराठीत लिहून द्यायचा : किती वेळ बसू शकतो, जिना चढायचा का, पाय कसा ठेवायचा, शाळेत कोणता व्यायाम, काय अजिबात करायचं नाही, पुढची तारीख कोणती. पालकांनी तो मुख्याध्यापकांना द्यायचा.

दुसरं, वर्ग खाली आणायचा. मुलाला वर चढवण्यापेक्षा आठवी अ आणि पाचवी ब यांची खोली तीन महिने बदलणं सोपं आहे. पाय लांब ठेवायला एक स्टूल. सुटायच्या पाच मिनिटं आधी सोडायचं, म्हणजे गर्दीत धक्का लागत नाही. मुताऱ्या-संडासाकडे जाताना सोबत एक मित्र. आणि सगळ्यात अवघड : भारतीय बैठकीच्या संडासात गुडघा न वाकणारं पोर काय करणार? मधे भोक पाडलेली एक साधी खुर्ची सुताराकडून होते. मुली याच कारणानं शाळेत येत नाहीत आणि कोणाला सांगतही नाहीत. बाईंनी स्वतःहून विचारावं.

तिसरं, वेळ. फिजिओथेरपीची वेळ आणि शाळेची वेळ एकच असते. उशिरा येणं, लवकर जाणं हे गैरहजेरीत धरू नये. उरलेला अभ्यास दोन मित्रांच्या वह्यांमधून. उजवा हात मोडलेला असेल तर घटक चाचणी तोंडी घ्या. दहावी-बारावीला अशा विद्यार्थ्यांना लेखनिक मिळाल्याच्या बातम्या दर वर्षी मार्चमध्ये आपण वाचतोच. जे बोर्डाला जमतं ते सहामाहीला का जमू नये?

चौथं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे विषय मांडा : आपल्या शाळेत जखमी विद्यार्थ्यासाठी काय पद्धत आहे? इतिवृत्तात नोंद करायला लावा. एकदा लिहिलं गेलं की पुढच्या मुख्याध्यापकांनाही ते बघावं लागतं.

आणि सरकारकडे मागणी एकच. सानुग्रह अनुदानात शस्त्रक्रियेचा खर्च आणलात, आता त्यानंतरच्या फिजिओथेरपीचा आणि एस.टी.च्या भाड्याचा आणा. पेण आणि रोहा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत मुलांसाठी फिजिओथेरपी ठेवा. मुलाला शाळा किंवा उपचार यातलं एक निवडायला लावू नका.

पेणला उतरताना त्या पोराला म्हटलं, "गणितात कुठपर्यंत आलायस?" म्हणाला, "बैजिक राशीपर्यंत. पुढं मित्रानं वही दिली नाही, त्याला पण लागते ना." आईनं त्याला खाली उतरवलं. कुबडी आधी, मग पाय, बरोबर शिकवल्यासारखं. पायऱ्या उतरायची पद्धत त्याला नीट येत होती. तिसऱ्या पायरीवर थांबून मागे बघून म्हणाला, "चढता पण येतं मला. शाळेचे जिने बावीस आहेत. मी मोजलेत."

सरांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यालाही नाही.

तुमच्या शाळेत आत्ता असा कोणी असेल तर उद्याच जाऊन विचारा. आणि ज्या शाळेनं काही चांगलं केलं असेल त्या शाळेचं नाव खाली नक्की लिहा. तक्रारी पुष्कळ होतात, कौतुकही व्हायला हवं.